उलटं सूत

टेम्पोचं चाक बसलं, यात माह्या काय दोष? पण नाही. चाक बसलं की तुमाले बुढ्याची आठवण येते. "आबाजी, सांगा ना. आबाजी, ते हवालदाराच्या मशकीचं सांगा ना." काहून बे? मी काय तुमचा टीव्ही आहे? बाळापुरात तीन घंटे मिरवणुकीत मोठा ढोल वाजवला मी. अडुसष्ट वर्षांचा खांदा आहे हा. तिथं कोणी विचारलं नाही, आबाजी, पाणी पाह्यजे काय. आता मूर्तिजापूर मागं पडलं, कुरुमचा फाटा यायचा आहे, दोन्ही अंगाले निरा कापसाच्या पऱ्हाट्या, एक दिवा नाही, तर सारे आले मले खेटून.

प्रीतम, मोबाईलचा उजेड तोंडावर मारू नको. अन् बिडी लावून दे. थंडीत माह्यानं काडी धरणं होत नाही. आचल, तू भ्याली तर भ्याली, पण पौर्णिमाबाईले उठवाचं नाही. पोरगी सकाळपासून उभी आहे. केबिनमधी झोपली तर झोपू द्या.

सांगतो. पण भूतबीत मी मानत नाही, हे पहिले ऐकून घ्या. चाळीस वर्षं रातचं ओलीत केलं, संत्र्याच्या बागेत एकटा निजलो. मले रानडुकराशिवाय कोणी भेटलं नाही. हे माह्यावर गुजरलंच नाही. हे गुजरलं श्रावणवर. हो, आपलाच श्रावण. आता गोपाल ड्रायव्हरसंगं टॉर्च अन् चाक घेऊन पंक्चरवाला शोधाले गेला, तोच. तो यायच्या आत संपवतो. त्याच्यासमोर मी ही गोष्ट सांगत नसतो. काहून, ते शेवटी समजन.

चंद्रभान हवालदाराले तुमच्यातल्या निम्म्यांनी पाह्यलंच नसन. सहा फुटांचा गडी. उंटासारखी मान. पलटणीत चोवीस वर्षं मशकबीन, तो साहेबाचा बॅगपाइप, वाजवली अन् पेन्शनीत आला तेव्हा शेंदूरजनाघाटच्या स्टँडवर काखेत तेच घेऊन उतरला. मशक काखेत, तीन भोंगे खांद्यावरून वर. लोकं हसले. माह्याच बापानं विचारलं, "हवालदार, हे बकरं मेलं का जित्तं हाय?" हवालदारानं मशकीत हवा भरली, तळहातानं दोन डाव थापटली, थप, थप, अन् तिन्ही भोंगे एकदम घुमले. स्टँडवरची कुत्री नगरपरिषदेपर्यंत पळाली. माहा बाप पण.

त्यातून हे आपलं पथक उभं राह्यलं. चौदा जण. कोणी बागवाला, कोणी मजूर, एक मास्तर, एक न्हावी. मोठा ढोल मले देल्ला. ढोलाले बोटांची कारागिरी लागत नाही, खांदा अन् इमान लागते.

हवालदाराच्या दोन सवयी ध्यानात ठेवा.

पहिली. मशकीच्या नळ्या भोकात घट्ट बसल्या पाह्यजेत, नाहीतर हवा सुटते. म्हणून नळीच्या बुडाशी मेण लावेल सूत गुंडाळावं लागते, हे तुमी रोज करता. आपण सारे उजव्या हातानं गुंडाळतो. हवालदार डावखुरा. पलटणीनं त्याले बंदूक उजव्या खांद्याले लावाले शिकवलं, सलाम उजव्या हातानं शिकवला, पण सूत काही त्यानं सोडलं नाही. त्याचं सूत उलटं जाय. शंभर नळ्यांतून हवालदाराची नळी आंधळ्यानंही काढली असती, नुसतं नख फिरवून.

दुसरी. सरावात कोणाचं चुकलं, तर हवालदार त्याचं नाव घेत नसे. वाजवणं थांबवे, पण भोंगे चालू ठेवे. घूं… एकच सूर. डोळे समोर. ज्याचं चुकलं त्यानं आपणहून एक पाऊल पुढं यावं. तोवर तो सूर बंद होत नसे. एकदा मास्तर अकरा मिनिटं पुढं आला नाही. हवालदार अकरा मिनिटं फुंकत राह्यला. मास्तर शेवटी रडला.

आता श्रावण. बावीस वर्षं तो दुसऱ्या रांगेत, बरोबर हवालदाराच्या मागं चालला. बावीस वर्षं त्यानं हवालदाराच्या सदऱ्यावरचा घाम पाह्यला. हाताचा चांगला, सुराचा पक्का. मनात एकच, की एक दिवस ही मशक माह्या काखेत येईन अन् मी पुढं चालीन. वाईट आहे काय यात? नाही.

पण हवालदाराले पोरगी होती. पौर्णिमा. वरूडच्या कॉलेजात जाय अन् संध्याकाळी बापापाशी बसून बोटं फिरवे. पोरगी ठेंगणी. बापाच्या फुंकाच्या लांब नळीपर्यंत तिचं तोंड पुरत नसे, मान ताणली का सूर फाटे. म्हणून हवालदारानं तिच्यासाठी संत्र्याच्या लाकडाची आखूड नळी केली. महिनाभर घासत होता.

दसऱ्याले त्यानं श्रावणले एकट्याले बोलावलं. म्हणे, "श्रावण, माह्या छातीत आता हवा राह्यली नाही. ही मशक पौर्णिमाची. पुढं ती चालन. तू तिच्या उजव्या हाताले राह्यजो. आखूड नळी पेटीत ठेवेल हाय."

श्रावण म्हणे, "हो, हवालदार."

भाऊबीजेले हवालदार गेला. अंगणात बसल्या बसल्या.

तेरवी झाली. सारं पथक बसलं होतं. श्रावण उठला अन् म्हणे, "हवालदारानं मले सांगतलं होतं. श्रावण, मशक तुही, पुढची जागा तुही."

 पौर्णिमानं त्याच्याकडे पाह्यलं. लय येळ पाह्यलं. मंग भांडे उचलाले गेली.

मले तेव्हाच वास आला होता. पण वासाले पुरावा नसते.

श्रावणनं मशकबीन हवालदाराच्या घरून उचलली ते थेट पथकाच्या खोलीत. जुन्या तेलघाणीच्या मागं टिनाची खोली, एक दार, एक गजाची खिडकी. पेटीतली आखूड नळी त्यानं फडक्यात गुंडाळली अन् वर टिनाखालच्या बल्लीवर, पार कोपऱ्यात सारली. त्याच्याशिवाय कोणाले माहीत नाही. मंग जानेवारी लागला तसं त्यानं साऱ्या नळ्यांचं हवालदाराचं सूत उस्तरलं अन् आपलं सरळ सूत गुंडाळलं.

आठ दिवसांनी खोली उघडली. सूत उलटं होतं.

श्रावणले वाटलं, आपलंच काही राह्यलं असन. पुन्हा उस्तरलं, पुन्हा सरळ गुंडाळलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पाह्यलं… उलटं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या कोणाले भेव वाटलं असतं, याले संशय आला. खोलीच्या चाब्या दोन. एक त्याच्यापाशी. दुसरी माह्यापाशी, काहून का ढोलाचं कातडं मी पाहात असे. त्यानं मनात हिशेब लावला, की डोमाजीले समजलं आहे. डोमाजी आपल्याले भेव दाखवून राहिला. अन् सव्वीस जानेवारीले वरूडच्या मैदानात, तहसीलदारासमोर, साऱ्या तालुक्यासमोर आपण पुढं चालाचं, ते याले होऊ द्याचं नाही.

बावीस तारखेले, रविवारी, भर सरावात तो माह्यासमोर उभा राह्यला.

"डोमाजी, चाबी दे."

"काहून गा?"

"दे म्हटलं ना."

"काही चोरीले गेलं काय?"

"कोणीतरी सुताशी खेळून राहिलं. चाब्या दोन हायत. मी तर खेळत नाही."

"मंग मी खेळतो?"

"मी नाव घेतलं काय?"

"घे ना. तोंडात मूग काहून धरले?"

"तूच!" म्हणे. "घेतलं नाव. बुढा झाला तरी अक्कल नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं भेव दाखवते. चोट्टा साला."

चौदा जणांचं पथक. हवालदार गेल्यानं तेरा राह्यलो होतो. मी अन् तो सोडून अकरा जणांनी आपापल्या चपला पाह्यल्या.

मी एक वाक्य बोललो असतो तर तिथंच मोकळा झालो असतो. नाही बोललो. ज्याले डोळे आहेत त्यानं पाहावं. चाबी त्याच्या पायापाशी फेकली, उजवा हात खिशात घातला अन् घरी गेलो.

चारचौघांतलं मी पाह्यलेलं. दसऱ्याचं, सुताचं अन् पुढचं सारं श्रावणनं मले स्वतः सांगतलं, गुढीपाडव्याले, माह्याच ओट्यावर बसून, डोळ्यांत पाणी आणून. म्हणून एक शब्द इकडचा तिकडं करत नाही.

तारीख पंचवीस जानेवारी, दोन हजार तेवीस. बुधवार. तिळकुंद चतुर्थी. सांजचे साडेसहा झाले होते. श्रावणनं गुळाचं पाणी घेतलं, एरंडीच्या तेलाची शिशी घेतली अन् निघाला. मशकीचं कातडं आतून ओलं नसलं तर हवा धरत नाही. सकाळी परेड, म्हणून रातीच तयार करून ठेवाची.

आशाबाई, त्याची बायको, दारात उभी. म्हणे, "ते बकरू घरीच आना ना. इथी उजेडात बसून तेल लावा. तिथी घाणीमागं थंडीत कायले मरता?"

"कातड्याचा वास येते घरात."

"बावीस वर्षं तुमची सोताची मशक आढ्याले टांगेल होती, तवा वास नाही आला?"

श्रावणनं चपला घातल्या.

"तिळाचे लाडू केले, खाऊन तरी जा."

"आल्यावर खातो."

हवालदाराची मशक त्यानं तीन महिन्यांत एकदाही घरात आणली नव्हती. काहून, ते आशाबाईनं विचारलं नाही. तिलेही संशय असनच. बायका संशय पदराच्या गाठीत बांधून ठेवतात, सोडत नाहीत.

खोलीपाशी आला. रविवारीच त्यानं सूत पुन्हा सरळ गुंडाळलं होतं अन् नवं कुलूप आणलं होतं. चाबी एकच, करगोट्याले बांधेल. पण तेवढ्यानं त्याचं भागलं नव्हतं. त्यानं कडीत संत्र्याची वाळकी काडी अडकवून ठेवली होती. कोणी कडी हलवली तर काडी मोडन.

काडी जशीच्या तशी.

आत गेला. आतून कडी लावली, अडसर घातला. खिडकीचे गज हलवून पाह्यले. कोपऱ्यातलं जाळं सुद्धा तुटेल नव्हतं. बल्ब लावला. पेटी उघडली. नळीवर नख फिरवलं.

सूत सरळ. त्याचंच.

श्रावण एकटाच हसला. मोठ्यानं. म्हणजे डोम्याच होता! चाबी काढून घेतली अन् भूत गेलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याले बरं वाटलं. त्यानं शिट्टी वाजवली, सतरंजी झटकली, मशक मांडीवर घेतली अन् कामाले लागला. गुळाचं पाणी आत ओतलं, मशक मळली, उरलं ते उपडं केलं. वरून तेल चोळलं. आता हवा धरते का नाही, ते पाहाचं. तुमी करता तसंच त्यानंही केलं. भोंग्यांच्या तोंडात बुचं घातली, बोटं फिरवाची खालची नळी काढून तिथंही बूच ठोकलं अन् लांब नळीतून हवा भरली. नळीच्या आत कातड्याची झडप असते, फुंकलेली हवा परत येत नाही. मशक टम्म झाली. तखतावर ठेवली. घड्याळ पाह्यलं. सात वीस. दहा मिनिटांत किती बसते ते पाहाचं. अन् तो ढोलांकडे गेला, पट्टे आवळाले.

नवी मशक असली तरी दहा मिनिटांत दोन बोटं बसते. जुनी तर चार.

साडेसातले त्यानं वळून पाह्यलं. मशक बसली नव्हती.

चांगलं झालं, म्हणे. कातडं पक्कं आहे.

पाच मिनिटांनी पुन्हा पाह्यलं. मशक अजून फुगली होती. शिवण ताणली होती. मघाशी एवढी नव्हती. त्याले वाटलं, बल्बचा उजेड. डोळ्याचा भास.

पट्टा आवळता आवळता त्याले एक आवाज आला. लय बारीक. झडप उघडताना होते ना, तसा. फट्…

वळला.

मशक खाली बसत होती. हळूहळू. बुचं तर सारी लावेल होती. हवा जाईन कुठं? चार बोटं बसली. थांबली.

फट्…

अन् फुगाले लागली.

लांब नळी सरळ वर उभी. तिच्या तोंडापाशी कोणी नाही.

पुन्हा बसली. पुन्हा फुगली. झोपलेल्या माणसाची छाती होते, तशी.

श्रावणचं पहिलं मन काय म्हणे, माहीत आहे? डोमाजी. रबराची नळी घातली असन बुढ्यानं, भिंतीतून. तो खरंच वाकला. तखताखाली हात घातला. भिंत चाचपली. रबर नाही. भोक नाही. मोठ्या ढोलामागं पाह्यलं. कोणी नाही. पेटीत पाह्यलं. सुताचं रीळ, मेणाचा गोळा, बाकी काही नाही.

तेवढ्यात लाईन गेली.

खिडकीतून चवथीची चंद्रकोर दिसत होती, खाली उतरून राहिली होती. गजांच्या सावल्या तखतावर पडल्या. अन् त्या सावल्या… वर-खाली होत होत्या. मशकीसंगं.

श्रावणनं मोबाईल काढला.  मोबाईल खाली पडला, ढोलांच्या मधात कुठंतरी. उजेड जमिनीकडे.

अंधारात बुचं पडल्याचा आवाज आला.

एक.

दोन.

तीन.

मंग…

थप.

थप.

तळहातानं. कातड्यावर.

श्रावणनं ती थाप बावीस वर्षं ऐकली होती. पाठमोरी. जगात दुसरा कोणी तशी मारत नव्हता. पहिली हलकी, दुसरी जड.

तिन्ही भोंगे घुमले.

घूं…

टिनं थरथरली. मोठ्या ढोलाचं कातडं आपोआप गुणगुणाले लागलं. श्रावण भिंतीले टेकला. आता गत सुरू होईन, म्हणे. हवालदार चार मोजे अन् गत धरे. श्रावणनं मोजलं. एक. दोन. तीन. चार.

गत नाही.

एकच सूर.

घूं…

पुन्हा मोजलं. पुन्हा नाही. दार चार पावलांवर होतं. अडसर दिसत होता. तो सरकला. सूर तोच. तो थांबला. सूर तोच. मोठा नाही, लहान नाही. राग नाही त्याच्यात. घाई नाही.

थांबून राहिला होता.

तेव्हा श्रावणले समजलं, हे काय आहे.

सराव होता.

कोणाचं तरी चुकलं होतं.

"हवालदार…" म्हणे.

घूं…

"हवालदार, डोमाजीनं…"

घूं…

 किती येळ गेला, त्याले सांगता येत नाही. चंद्रकोर खिडकीच्या मधल्या गजावरून खालच्या गजावर आली. तो उभाच. सूर उभाच.

शेवटी त्यानं पाय उचलला.

एक पाऊल. पुढं.

"माह्यं चुकलं," म्हणे. "तुमी पौर्णिमाले देल्ली होती."

सूर बंद.

हवा सुटली. लांब. थकलेल्या माणसानं खाली बसताना सोडावी, तशी. मंग खोलीत काहीच नव्हतं. दूर कोणाच्या तरी बागेत मोटर चालू होती, तेवढाच आवाज.

लाईन आली.

श्रावणनं काही पाह्यलं नाही. डोळे अर्धे मिटून मशक पेटीत कोंबली, भोंगे, नळ्या, जे हाताले लागलं ते. पेटीची कडी लावली, अडसर काढला, अन् पेटी छातीशी धरून धावत सुटला. खोलीले कुलूप सुद्धा लावलं नाही. मधात कुठं थांबला नाही, पेटी खाली ठेवली नाही.

हवालदाराचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार पौर्णिमानं उघडलं. मागं तिची माय, केशरबाई, वाती करत बसेल.

"श्रावणकाका? आता काहून?"

"हे घे. तुही मशक."

पौर्णिमानं हात पुढं केला नाही. "आज काहून? उद्या परेड हाय. तीन महिने देल्ली नाही अन् आज देता? भर मैदानात माह्यी फजिती कराची हाय काय?"

"नाही ओ माय…"

"मंग कोणी सांगतलं तुमाले?"

श्रावण ओट्यावरच बसला. म्हणे, "तुह्या बापानं. दसऱ्यालेच सांगतलं होतं. मशक पौर्णिमाची म्हणे. मी खोटं बोललो."

केशरबाईच्या हातची वात खाली पडली.  पौर्णिमानं पेटी ओढून घेतली, दिव्याखाली नेली अन् उघडली.

अन् लय येळ तशीच वाकून राह्यली.

"काका, ही कुठी होती?"

"काय?"

"आखूड नळी. बाबांनी केलेली. तीन महिने मी सारं घर धुंडलं."

श्रावण उठला. जवळ गेला. मशकीच्या तोंडात संत्र्याच्या लाकडाची आखूड नळी बसवेल होती. घट्ट. सरळ. पेटीच्या तळाशी लांब नळी होती, फडक्यात गुंडाळेल. तेच फडकं, जे त्यानं बल्लीवर सारलं होतं. त्या रातीले बल्लीले त्याचा हात लागला नव्हता. शिडी सुद्धा नव्हती खोलीत.

पौर्णिमानं नळी जराशी फिरवून बाहेर काढली. बुडाशी नवं सूत होतं. तिनं नख फिरवलं. मेण अजून मऊ होतं. नखाची खूण उमटली.

सूत उलटं होतं.

 मंग श्रावणच बोलला, काहून का माणसाच्या जिभेले एकदा वळण पडलं का पडलं. म्हणे, "डोमा… डोमाजीनं केलं असन."

केशरबाईनं त्याच्याकडे पाह्यलं. म्हणे, "श्रावणभाऊ, डोमाजीच्या उजव्या हाताले दोन बोटं नाहीत. पंधरा वर्षं झाली, कडबा कापाच्या मशीनमधी गेली. त्याच्या सदऱ्याची बटनं त्याची बायको लावते. तो सूत कायनं गुंडाळन? दातानं?"

श्रावणनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटं पाच वाजता केशरबाई स्वतः माह्या दारात आली, चला म्हणे, ढोल घ्या. गेलो. वरूडच्या मैदानात पौर्णिमा पुढं चालली. श्रावण तिच्या उजव्या हाताले. पोरीनं मशक थापटली, थप, थप. पहिली हलकी, दुसरी जड. माह्या हातचं टिपरू पडता पडता राह्यलं. तिले ती थाप कोणी शिकवली नव्हती.

प्रीतम, तुले खोटं वाटते काय? जा मंग. केबिनमधी पेटी आहे तिच्या पायाशी. हळूच उघड. आखूड नळी पाह्य अन् बुडाशी नख फिरव. तीन वर्षं झाली. आपण सारे दर दोन महिन्यांनी सूत बदलतो, नाहीतर ते कुजते, सैल पडते. तिनं ते एकदाही बदललं नाही. सैल पडलं नाही. मेण… जाऊ दे, तूच पाह्य.

पाह्यलं?

कसं आहे मेण?

… बोल ना बे. आता काहून दातखिळी बसली?

बंद कर पेटी. बंद कर म्हटलं ना. अन् इकडे या सारे, ते पाहा, फाट्याकडून टॉर्च येऊन राहिला. गोपाल पुढं, तो मागं. चाक ढकलत आणून राहिले.

मले त्यानं सारं सांगतलं, हे मघाशी बोललोच. एक डाव नाही, तीन डाव सांगतलं. नळीचं, सुताचं, थापेचं, सारं. रडला सुद्धा. केशरबाई काय बोलली तेही सांगतलं. दर डाव श्रावण तिथपर्यंत येते, मंग माह्या हाताकडे पाहाते, मंग म्हणते, "चाय घ्याची काय, डोमाजी?"

चाय नको मले. भर पथकात चोट्टा म्हटलं होतं, भर पथकात एक पाऊल पुढं ये. बस, एवढंच. पण मी पडलो ढोलवाला. माह्यापाशी थांबून राहणारा सूर नाही. मी नुसता थांबून राह्यलो आहे.

उतरा आता, चाकाले हात लावा. अन् जो टॉर्च घेऊन येऊन राहिला, त्याचं पुरं नाव ध्यानात ठेवा, मी मेल्यावर कोणीतरी त्याले आठवण देजा. श्रावण यावले.